परतलेल्या रोगाचा पत्ता

रक्ततपासणीच्या कागदावर एकच आकडा असतो, ०.२. वाण्याच्या हिशेबात एवढं इकडेतिकडे झालं तर कुणी विचारतही नाही. पण ज्याची प्रोस्टेट ग्रंथी कर्करोगामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेली आहे, त्याच्या हातात हा कागद पडला की घरातलं बोलणंच थांबतं. मागच्या खेपेला आकडा ०.०५ होता, त्याआधी तर यंत्राला काही सापडलंच नव्हतं. कुठे दुखत नाही, खुपत नाही, सकाळचं फिरणं चालू आहे. तरी डॉक्टर म्हणतात, ‘आणखी एकदा तपासू या.’ दुसऱ्या खेपेलाही आकडा तेवढाच किंवा चढा निघाला, की केसपेपरवर दोन नवे शब्द लिहिले जातात: बायोकेमिकल रिकरन्स. रोग परतलाय, पण अजून फक्त रक्ताच्या कागदावर.

पीएसए म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी जी ग्रंथी असते, तिच्या पेशी हे प्रथिन तयार करतात. ग्रंथी समूळ काढली की काही आठवड्यांत ते रक्तातून जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. नाहीसं होऊन ते पुन्हा वाढू लागलं, तर बहुतेक वेळा अर्थ एकच असतो. प्रोस्टेटच्या काही पेशी शस्त्रक्रियेच्या सुरीतून निसटल्या आणि आता कुठेतरी मूळ धरून वाढताहेत.

कुठे, हे मात्र तो आकडा सांगत नाही.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोस्टेट काढलेल्या १,९९७ पुरुषांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्यांतल्या ३१५ जणांचा पीएसए पुन्हा चढला. ज्यांना त्यानंतर लगेच कोणताही उपचार दिला गेला नाही, अशा ३०४ जणांपैकी ३४ टक्के लोकांमध्ये रोग पुढे दूरवर पसरला. आकडा चढल्यापासून रोग असा उघड दिसेपर्यंतचा मध्यम काळ होता आठ वर्षांचा. म्हणजे रक्त जे आज सांगतं, ते डोळ्यांना दिसायला कित्येक वर्षं जातात. या वर्षांमध्ये रोग थोडा असतो, बहुधा एकाच भागात असतो आणि किरणांनी तो पुरता नाहीसा होण्याची शक्यताही याच काळात सर्वांत जास्त असते. अट एवढीच, की किरण योग्य जागी पडले पाहिजेत.

रिकाम्या जागेवर किरण

रेडिओथेरपीला आपल्याकडे कित्येक रुग्ण ‘लाइट घेणं’ म्हणतात. त्या शब्दामुळे वाटतं, की दिव्याखाली बसायचं आणि उठून यायचं. प्रत्यक्षात लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर नावाच्या यंत्रातून निघणारे क्ष-किरण मिलिमीटरच्या हिशेबाने नेमून दिलेल्या आकारातच पोचवायचे असतात. त्याची तयारी उपचाराच्या कितीतरी दिवस आधी सुरू होते. रुग्णाला कडक पलंगावर झोपवून प्लॅनिंगचा सीटी स्कॅन काढतात. मूत्राशय भरलेलं हवं, गुदाशय रिकामं हवं, कारण या दोघांच्या फुगण्या-आकसण्याने मधली जागा सरकते. कातडीवर शाईचे बारीक ठिपके देतात, म्हणजे रोज त्याच स्थितीत झोपवता येईल. मग डॉक्टर संगणकासमोर बसतात आणि स्कॅनच्या एकेका कापावर माउसने रेघ ओढत जातात. ही रेघ म्हणजे उपचाराची हद्द. आतल्या भागाला पूर्ण मात्रा, बाहेरच्याला शक्य तितकी कमी.

ट्यूमर समोर दिसत असेल तर त्याच्याभोवती रेघ ओढायची. पण ज्याची ग्रंथीच काढलेली आहे आणि स्कॅनवर गाठ दिसत नाही, त्याच्यासाठी ती कुठे ओढायची?

याचं उत्तर कित्येक वर्षं अनुभवावर उभं होतं. प्रोस्टेट जिथे होती त्या रिकाम्या जागेला डॉक्टर ‘प्रोस्टेट बेड’ म्हणतात. मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे पुन्हा शिवून जोडतात, तिथे पेशी उरण्याचा संभव बराच असतो. म्हणून तो सांधा, त्याच्या मागचा भाग आणि शुक्राशयांची जागा धरून एक आकार काढायचा आणि त्यावर किरण द्यायचे. जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या आकाराच्या सीमाही ठरवल्या. पण त्या सीमा सरासरी रुग्णाच्या होत्या. समोरच्या माणसाचा रोग ओटीपोटातल्या एखाद्या लसिकाग्रंथीत असेल किंवा कमरेच्या हाडात असेल, तर सात-आठ आठवडे रोज रुग्णालयाच्या खेपा घालूनही ते किरण रोगापर्यंत पोचतच नव्हते. आणि हे कळायचं उपचार संपल्यावर, जेव्हा पीएसए खाली यायचं नाव घेत नसे.

जुने स्कॅन इथे हतबल होते. सीटीला आकार कळतो, स्वभाव कळत नाही. पाच मिलिमीटरची लसिकाग्रंथी रोगाने भरलेली असली, तरी सीटीवर ती निरोगी ग्रंथीसारखीच दिसते. हाडांच्या स्कॅनवर कर्करोग दिसत नाही, कर्करोगाला हाडाने दिलेला प्रतिसाद दिसतो, आणि तो उमटायला रोग बराच वाढावा लागतो. पीएसए एकाच्या आत असताना हे दोन्ही स्कॅन बहुतेकदा कोरेच यायचे.

पेशीला तिच्याच भुकेने ओळखणं

वाट निघाली ती रसायनशास्त्रातून. रोगट पेशीचा आकार दिसत नसेल, तर तिची सवय पकडायची. ती काय खाते, तिच्या अंगावर कोणतं प्रथिन दाटीने असतं, हे शोधायचं. मग त्याला जाऊन चिकटणारा रेणू बनवायचा, त्याला किरणोत्सारी अणूचा दिवा लावायचा आणि शिरेतून सोडून द्यायचा. दिवा जिथे साचेल, तिथे रोग. मॉलेक्युलर इमेजिंग, म्हणजे रेणूंच्या आधारे काढलेलं चित्र, ते हेच.

यातलं भौतिकशास्त्र सुंदर आहे. या अणूंमधून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो. पेशीजालात जेमतेम मिलिमीटरभर जाऊन तो एका इलेक्ट्रॉनला भेटतो आणि त्या भेटीत दोघेही संपतात. त्यांच्या जागी दोन गॅमा किरण निघतात, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना. रुग्णाभोवतीच्या कड्यात बसवलेले संवेदक हे दोन किरण एकाच क्षणी टिपतात आणि त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा काढतात. अशा लाखो रेषा एकमेकींना जिथे छेदतात, तिथे चित्रात उजेड दिसतो. हा पेट स्कॅन. त्याच पलंगावर सीटीही काढून दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली, की उजेड नेमका कोणत्या ग्रंथीत किंवा कोणत्या हाडात आहे तेही कळतं.

इतर अनेक कर्करोगांमध्ये पेटसाठी किरणोत्सारी साखर वापरतात, कारण वेगाने वाढणाऱ्या पेशी साखरेवर तुटून पडतात. प्रोस्टेटचा कर्करोग सहसा संथ असतो, साखरेला फारसा भुलत नाही. शिवाय ती साखर लघवीतून बाहेर पडते आणि मूत्राशय दिव्यासारखं पेटतं. ज्या जागी शोधायचं, तिथेच डोळे दिपतात.

अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठात मार्क गुडमन आणि टिमथी शूप या रसायनशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एक कृत्रिम अमिनो आम्ल घडवलं होतं. त्याला फ्लोरिन-१८ हा अणू जोडलेला होता. मूळ हेतू मेंदूतल्या गाठी पाहण्याचा. पण या रेणूचा एक गुण पुढे फार मोलाचा ठरला. तो लघवीत फारसा उतरत नाही, त्यामुळे मूत्राशयाच्या आसपासचा भाग स्वच्छ दिसतो. त्याच विद्यापीठातले डेव्हिड शुस्टर यांनी प्रोस्टेटच्या रुग्णांमधला पहिला अनुभव २००७ साली मांडला. हाच रेणू म्हणजे फ्लुसिक्लोव्हिन. परतलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचा शोध घेण्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१६ च्या मे महिन्यात त्याला मान्यता दिली.

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचं. तयार झाल्याक्षणी त्याची शक्ती ओसरायला लागते. सकाळी सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे असे अणू बनवणाऱ्या यंत्रात, तयार झालेला डोस दुपारपर्यंत रुग्णाच्या शिरेत गेला पाहिजे. या तपासणीचं सगळं वेळापत्रक या घड्याळावर चालतं.

चिठ्ठी टाकून केलेली परीक्षा

नवा स्कॅन जुन्यापेक्षा जास्त दाखवतो, हे लवकरच सिद्ध झालं. पण जास्त दिसल्याने रुग्णाचं भलं होतं का, हा प्रश्न वेगळा होता आणि अवघडही. वैद्यकात असं पुष्कळदा घडलं आहे, की नवं यंत्र आलं, चित्रं देखणी झाली, उपचार बदलले, आणि रुग्ण होता तिथेच राहिला. उत्तर मिळवायचं तर रुग्णांचे दोन गट करायचे. एका गटाचे किरण जुन्या पद्धतीने ठरवायचे, दुसऱ्याचे पेट पाहून. मग थांबायचं, वर्षानुवर्षं.

एमरीतल्या विनशिप कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट अशेष जानी आणि डेव्हिड शुस्टर यांनी ही परीक्षा मांडली. नाव एम्पायर-१. सप्टेंबर २०१२ ते मार्च २०१९ या काळात १६५ रुग्ण तिच्यात सामील झाले. सगळ्यांची प्रोस्टेट काढलेली, सगळ्यांचा पीएसए पुन्हा दिसू लागलेला, आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये ओटीपोटाबाहेर किंवा हाडात कुठेही रोग नसलेला. कोण कोणत्या गटात जाईल, हे संगणकाने चिठ्ठी टाकून ठरवलं.

पहिल्या गटात जुनी पद्धत. दुसऱ्या गटात फ्लुसिक्लोव्हिन पेट, आणि पेटने जे दाखवलं ते डॉक्टरांवर बंधनकारक. चाचणीचा खरा कणा हा नियम होता. स्कॅन पाहून ‘बघू, विचार करू’ अशी मुभा ठेवली असती, तर शेवटी काय मोजलं हेच कळलं नसतं. म्हणून पायऱ्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. उजेड ओटीपोटाच्या बाहेर किंवा हाडात दिसला, तर हे किरण द्यायचेच नाहीत, कारण रिकाम्या जागेवर ते देऊन उपयोग नाही. त्या रुग्णाला वेगळा उपचार हवा. उजेड ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींमध्ये दिसला, तर ओटीपोटाला ४५ ते ५०.४ ग्रे आणि प्रोस्टेट बेडला ६४.८ ते ७०.२ ग्रे. उजेड फक्त बेडमध्ये असेल किंवा कुठेच नसेल, तर फक्त बेडला ६४.८ ते ७०.२ ग्रे.

ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. रोज १.८ ग्रे या हिशेबाने ही मात्रा ३६ ते ३९ दिवसांत पुरी होते, आठवड्यातले पाच दिवस. ती एका दिवसात देता येत नाही, कारण निरोगी पेशींना रोजची झीज रात्रीतून भरून काढायला अवधी लागतो. रोगट पेशींना ती दुरुस्ती तितकीशी जमत नाही. रेडिओथेरपी या फरकावर चालते.

पेट झालेल्या ७९ जणांपैकी २८ जणांच्या बाबतीत स्कॅन पाहून निर्णय बदलला. दर तिघांमागे एकाहून थोडे जास्त. कुणाच्या उपचारात ओटीपोटाच्या ग्रंथी नव्याने आल्या, कुणाच्या उपचारातून त्या वगळल्या गेल्या.

निकाल २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. कसोटी अशी ठेवली होती: पीएसए पुन्हा चढला, रोग कुठे वाढताना दिसला किंवा औषधं सुरू करावी लागली, तर तो उपचार फसला असं मानायचं. तीन वर्षांनंतर यातलं काहीही न घडलेले रुग्ण जुन्या पद्धतीच्या गटात ६३ टक्के होते. पेटच्या गटात ७५.५ टक्के. चौथ्या वर्षी पहिला गट ५१.२ टक्क्यांवर घसरला, दुसरा ७५.५ वरच टिकून राहिला. दुष्परिणामांत मोठा फरक नव्हता. वारंवार किंवा घाईची लघवी आणि उपचाराच्या दिवसांतले जुलाब दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. यंत्र तेच, मात्रा जवळपास तीच, आठवडेही तेवढेच. बदलली होती ती मुख्यतः रेघ, आणि काहींच्या बाबतीत किरण द्यायचेच की नाही हा निर्णय.

कर्करोगाच्या चित्रणाच्या इतिहासात हा निकाल महत्त्वाचा आहे, तो साडेबारा टक्क्यांच्या फरकापुरता नाही. चित्र पाहून आखलेल्या उपचाराने रोग जास्त काळ दूर राहतो, याचा यादृच्छिक चाचणीतून आलेला असा पुरावा फार थोड्या स्कॅनांना मिळालेला आहे. आयुष्य किती वाढलं, हे सांगायला मात्र साडेतीन वर्षांचा मध्यम पाठपुरावा पुरत नाही. या संथ रोगात त्यासाठी दहा-पंधरा वर्षं थांबावं लागतं.

प्रतिपिंडापासून छोट्या चावीपर्यंत

एम्पायर-१ चालू असतानाच दुसरा, अधिक तेजस्वी दिवा जगभर पसरत होता. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन खूप दाटीने असतं. त्याचं नाव पीएसएमए, प्रोस्टेट स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन. पीएसए रक्तात वाहत जातो. पीएसएमए पेशीच्या भिंतीत रोवलेलं असतं, त्यामुळे ते पेशीचा पत्ता सांगू शकतं.

त्याचा माग काढणारं प्रतिपिंड १९८७ मध्येच बनलं होतं. त्यावर आधारलेला प्रोस्टासिंट हा स्कॅन १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. पण त्यात एक मूलभूत खोट होती. ते प्रतिपिंड प्रथिनाच्या पेशीच्या आतल्या टोकाला चिकटायचं. जिवंत पेशीच्या बंद दारातून ते आत शिरणार कसं? चित्रं धूसर यायची, वाचणाऱ्यांमध्ये मतभेद व्हायचे.

पुढची वाट मेंदूच्या संशोधनातून आली. मेंदूतलं एक विकर आणि प्रोस्टेटवरचं हे प्रथिन एकच आहे, हे लक्षात आलं होतं. त्या विकराला रोखण्यासाठी घडवलेले छोटे रेणू आता प्रोस्टेटकडे वळवता येणार होते. जॉन्स हॉपकिन्समधल्या मार्टिन पॉम्पर यांनी हा धागा पुढे नेला. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये मात्थियास एडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम-६८ जोडलेला पीएसएमए-११ हा रेणू तयार केला आणि २०११ मध्ये तो पहिल्यांदा रुग्णांमध्ये वापरला गेला. हा रेणू प्रथिनाच्या बाहेरच्या टोकाला चिकटतो, बाहेर उघड्या असलेल्या कुलपात बसणाऱ्या चावीसारखा. रक्तातून तो लवकर निघून जातो, त्यामुळे तासाभरातच चित्र स्वच्छ होतं. एफडीएने १ डिसेंबर २०२० रोजी लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठांना त्याची परवानगी दिली. अमेरिकेतली ती पहिली पीएसएमए पेट मान्यता.

याच दोन विद्यापीठांतल्या ६३५ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातले आकडे परतलेल्या रोगाच्या प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावेत असे आहेत. पीएसए ०.५ च्या आत असताना स्कॅनमध्ये रोग दिसला ३८ टक्के रुग्णांमध्ये. ०.५ ते १ या टप्प्यात ५७ टक्के. १ ते २ मध्ये ८४ टक्के. पाचच्या वर ९७ टक्के.

अमेरिका आणि जर्मनीतल्या रुग्णालयांनी मिळून आणखी एक मोजदाद केली. जेरेमी कॅले यांच्या नेतृत्वाखाली २७० रुग्णांचे स्कॅन तपासले गेले, सगळ्यांचा पीएसए एकच्या आत. १३२ जणांमध्ये, म्हणजे जवळपास निम्म्यांमध्ये, रोग दिसला. मग त्यांच्यासाठी पुस्तकी सीमांप्रमाणे जी रेघ ओढली गेली असती, ती या स्कॅनवर ठेवून पाहिली. ५२ जणांमध्ये, म्हणजे २७० पैकी १९ टक्के रुग्णांमध्ये, रोगाचा निदान एक तरी ठिपका त्या रेघेच्या बाहेर पडत होता. ओटीपोटही धरून मोठा आकार काढला असता, तरी हे घडलं असतं. दर पाच जणांतल्या एकाच्या बाबतीत उत्तम यंत्र, उत्तम डॉक्टर आणि पूर्ण मात्रा असूनही रोगाचा काही भाग किरणांपासून सुटला असता.

कोरा स्कॅन

एवढं वाचल्यावर मनात एक धोकादायक विचार येतो, आणि तो रुग्णांच्या मनातही येतो. स्कॅन पीएसए वाढल्यावरच नीट दिसत असेल, तर पीएसए वाढू द्यावा का? ०.२ वर उपचार करण्याऐवजी एकपर्यंत थांबून रोग नेमका कुठे आहे ते पाहून घ्यावं का?

नाही. आणि हे इथे ठासून सांगायला हवं. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या रोगासाठीची रेडिओथेरपी पीएसए कमी असतानाच जास्त यशस्वी होते. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या रॅडिकल्स या चाचणीत १,३९६ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर सरसकट सगळ्यांना किरण देणं आणि पीएसए वाढल्यावरच देणं, या दोन पद्धतींची तिने तुलना केली. पाच वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होते: पीएसएच्या कसोटीवर रोग न वाढलेले रुग्ण ८५ आणि ८८ टक्के. म्हणजे सरसकट किरण देण्याची गरज नाही, वाट पाहता येते. पण त्या चाचणीतली ‘वाट पाहणं’ म्हणजे पीएसए ०.१ ला पोचताच किंवा लागोपाठ तीनदा चढताच उपचार सुरू करणं. एकपर्यंत थांबणं नव्हे.

कोऱ्या स्कॅनचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही. पेटला चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान पुंजके सहसा दिसत नाहीत. शिवाय थोड्या रुग्णांचा प्रोस्टेट कर्करोग पीएसएमए धारणच करत नाही. तिथे हा दिवा पेटतच नाही. गॅलियमचा रेणू लघवीतून जातो, त्यामुळे मूत्राशयाला चिकटून असलेला बारीक ठिपका त्या झगमगाटात हरवू शकतो. ०.५ च्या आतल्या शंभरांत बासष्ट जणांचा स्कॅन कोरा येतो, पण त्यांचा पीएसए तर हवेतून येत नाही.

उलट चूकही होते. पोटातल्या मज्जातंतूंचे गुच्छ पीएसएमए धरतात आणि लसिकाग्रंथीसारखे चमकतात. बरगडीवरची एखादी जुनी इजा उजळते. लाळग्रंथी, मूत्रपिंडं आणि लहान आतडं तर स्वभावतःच चमकतात. म्हणून हा स्कॅन वाचणाऱ्याची नजर फार महत्त्वाची ठरते. बरगडीवरच्या एका फसव्या ठिपक्यामुळे ‘रोग पसरलाय’ असं ठरवून बरं होऊ शकणाऱ्या माणसाची रेडिओथेरपी रद्द झाली, तर ते नुकसान भरून येत नाही.

आणखी एक वाद या क्षेत्रात खोलवर चालू आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पोर्ट या चाचणीत पेट नव्हतंच. १,७१६ रुग्णांचे तीन गट केले होते. फक्त बेडला किरण दिलेल्यांपैकी ७०.९ टक्के लोकांमध्ये पाच वर्षांनीही रोग वाढलेला नव्हता. त्याला काही महिन्यांची हार्मोन रोखणारी औषधं जोडली, तेव्हा ८१.३ टक्के. शिवाय ओटीपोटातल्या ग्रंथींनाही किरण दिले, तेव्हा ८७.४ टक्के. मग प्रश्न पडतो. सगळ्यांनाच मोठं क्षेत्र आणि औषधं द्यावीत, की पेट पाहून ज्याला गरज आहे त्यालाच द्यावीत? मोठ्या क्षेत्राने उपचाराच्या काळातला त्रास वाढतो. हार्मोन रोखल्याने थकवा येतो, अंगातून गरम वाफा निघतात, लैंगिक इच्छा मावळते. ज्याला हे टाळता येईल त्याच्यावर ते का लादायचं? आणि ज्याच्या कोऱ्या स्कॅनमागे न दिसणारा रोग दडलेला असेल, त्याला ते न देण्याची जोखीम कुणी घ्यायची? या प्रश्नावर जगभरच्या ट्यूमर बोर्डांमध्ये, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकांमध्ये, आजही दोन मतं ऐकू येतात. दोन्ही मतांमागे पुरावा आहे.

परळचा धागा

या कहाणीचा एक धागा मुंबईच्या परळमध्ये येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर टाटा मेमोरियलच्या शेजारी आहे. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर तिथे २००२ मध्ये सुरू झाला. आज देशातल्या कित्येक शहरांत पेट केंद्रं आहेत. पीएसएमए स्कॅन आपल्याकडे झपाट्याने रुजला, त्यामागे गॅलियम-६८ ची एक सोय आहे. त्याचं अर्धायुष्य फक्त ६८ मिनिटांचं, पण ते जर्मेनियम-६८ पासून सतत तयार होतं, आणि जर्मेनियमचं अर्धायुष्य सुमारे २७१ दिवसांचं. म्हणून टेबलावर मावणारा जनरेटर आणला, की महिनोन्‌महिने रोज त्यातून ताजं गॅलियम काढता येतं. जवळ सायक्लोट्रॉन नसलेल्या रुग्णालयालाही हे परवडतं.

टाटा मेमोरियलमधले वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात पॉप-आरटी ही चाचणी केली. हे रुग्ण परतलेल्या रोगाचे नव्हते. प्रोस्टेट जागेवर होती, रोग जोखमीचा होता, पण स्कॅनवर लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ही खात्री पीएसएमए पेटने करून घेतली होती. २२४ जणांपैकी निम्म्यांना फक्त प्रोस्टेटला किरण, निम्म्यांना ओटीपोटातल्या ग्रंथींनाही. पाच वर्षांनी पीएसएच्या कसोटीवर यश ८१.२ विरुद्ध ९५ टक्के. त्याची किंमतही होती. लघवीचा उशिरा उमटणारा त्रास मोठ्या क्षेत्राच्या गटात १७.७ टक्के होता, दुसऱ्यात ७.५.

परळमध्ये मिळालेलं हे उत्तर एम्पायरच्या शेजारी ठेवून वाचावं लागतं. पेटने ग्रंथी स्वच्छ दाखवल्या, तरी त्यांत न दिसणारा रोग असू शकतो आणि योग्य रुग्णात त्यांना किरण देण्याने लाभ होतो. अटलांटात पेटमुळे क्षेत्र आखायला मदत झाली, मुंबईत पेटच्या पलीकडे क्षेत्र न्यावं लागलं. पुण्याच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये प्रोस्टेट दुसऱ्या क्रमांकावर गेलेला आहे, हे ध्यानात घेतलं की आपल्या रुग्णांवर, आपल्या रुग्णालयांत झालेल्या अशा चाचण्यांचं मोल कळतं.

पुढची पावलं आणखी बारीक होताहेत. बेल्जियममध्ये पीट ऑस्ट यांनी स्टॉम्प या चाचणीत पसरलेल्या रोगाचे तीनपर्यंत ठिपके असलेल्या ६२ रुग्णांमध्ये नुसती देखरेख आणि त्या ठिपक्यांवरच थेट उपचार यांची तुलना केली. हार्मोनची औषधं सुरू करण्याची वेळ मध्यम १३ महिन्यांवरून २१ महिन्यांवर गेली. अमेरिकेतल्या ओरिओल चाचणीत ५४ रुग्ण होते. ठिपक्यांवर किरण दिलेल्या गटात सहा महिन्यांत रोग वाढला १९ टक्के लोकांमध्ये, देखरेखीच्या गटात ६१ टक्के. त्यातली एक तपशिलाची गोष्ट फार बोलकी आहे. उपचार आखताना डॉक्टरांना पीएसएमए स्कॅन दाखवलेला नव्हता. मागाहून तो उघडून पाहिला, तेव्हा ज्यांच्या सगळ्या पीएसएमए ठिपक्यांवर नकळत किरण पडले होते, त्यांच्यात रोग वाढला होता ५ टक्के लोकांमध्ये. ज्यांचे काही ठिपके सुटले होते, त्यांच्यात ३८ टक्के.

एमरीनेही एम्पायर-२ मांडली. तिच्यात फ्लुसिक्लोव्हिन आणि पीएसएमए हे दोन दिवे समोरासमोर ठेवले गेले, आणि चमकणाऱ्या जागेला जास्तीची मात्रा देण्याची सोयही आखली गेली.

प्लॅनिंगच्या खोलीत हे सगळे आकडे एका पडद्यावर येऊन ठेपतात. डावीकडे करडा सीटी, उजवीकडे त्यावर चढवलेला रंगीत पेट. कधी उजव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीलगत सहा मिलिमीटरची ग्रंथी नारिंगी होऊन चमकते. डॉक्टर तिच्याभोवती बारीक वर्तुळ काढतात, रोजच्या हालचालीसाठी काही मिलिमीटर मोकळीक ठेवतात आणि आतडं त्या वर्तुळापासून किती दूर राहील ते मोजतात. कधी पडद्यावर काहीच चमकत नाही. तेव्हा पीएसएचा कागद शेजारी ठेवून, पॅथॉलॉजीचा जुना रिपोर्ट पुन्हा वाचून, जोडाच्या टाक्यांपासून सुरुवात करून ते बेडची रेघ ओढतात, एम्पायरच्या नियमात कोऱ्या स्कॅनसाठी लिहिलेल्या त्याच मात्रेने. मग रुग्णाला सांगितलं जातं, की सोमवारपासून यायचं, येण्याआधी तासभर पाणी पिऊन मूत्राशय भरून ठेवायचं. शेवटचा दिवस सात-आठ आठवड्यांनी येतो. त्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं असतं.